कॅमेऱ्याकडे बघायचं नाही

शाळेत एखादं काम कुणाच्या गळ्यात मारायचं असलं की आमचे मोठे सर आधी चहा मागवायचे. त्या दिवशी चहाबरोबर नानखटाई आली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. खाऊन झाल्यावर त्यांनी टेबलावरून एक परिपत्रक माझ्याकडे सरकवलं. शहरातली कुठलीशी संस्था शाळकरी मुलांसाठी चित्रपट स्पर्धा घेणार होती. मुलांनी स्वतः गोष्ट लिहायची, स्वतः कॅमेरा धरायचा आणि दहा मिनिटांचा सिनेमा करायचा. शिक्षकाने फक्त मार्गदर्शन करायचं.

"तुम्हाला सिनेमाची आवड आहे ना?" मोठे सर म्हणाले.

आवड होती. दर रविवारी मी नवऱ्याला ओढत उधन्याच्या टॉकीजला न्यायचे आणि तो तिथे पंख्याखाली झोप काढायचा. पण जेवायची आवड आहे म्हणून कुणी पाहुण्याला चुलीपुढे बसवत नाही. हे मी बोलून दाखवणार होते, पण नानखटाई खाल्लेली होती आणि आमच्याकडे खाल्ल्या मिठाला जागायची पद्धत आहे.

ही नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मी मूळची अकोल्याची. नवरा पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये रंगखात्यात होता, म्हणून सुरतेत आले आणि बमरोलीच्या एका मराठी शाळेत चिकटले. शाळेच्या तिन्ही बाजूंना लूमचे कारखाने. सकाळपासून जी खटखट सुरू व्हायची ती थांबायची नाही, त्यामुळे आमच्या शाळेत कविताही ओरडूनच शिकवावी लागे. पोरं जवळजवळ सगळी खानदेशातली. घरात अहिराणी, वर्गात मराठी, गल्लीत गुजराती आणि भांडताना हिंदी असा त्यांचा रिवाज होता.

स्पर्धेआधी आम्हा शिक्षकांना एक दिवसाचं प्रशिक्षण मिळालं. खादीचं जाकीट घातलेले एक गृहस्थ सकाळभर शॉट, अँगल आणि प्रकाशाबद्दल बोलले. त्यातलं मला एकच वाक्य पक्कं कळलं, की सिनेमात माणसाने कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. बघितलं की सिनेमा मेला. मग खमण आलं. मी ते एक वाक्य वहीत लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि तेवढ्याच भांडवलावर दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात सिनेमा शिकवायला उभी राहिले.

पोरांनी आठवड्यात गोष्ट लिहून आणली. तिच्यात इतके खून होते की शेवटचा खून करायला माणूस उरत नव्हता, म्हणून एक भूत घेतलं होतं. मी ती गोष्ट बाजूला ठेवली आणि माझी सांगितली: एक बाई दिवसभर घरात बसून साड्यांवर टिकल्या चिकटवते, आणि तिच्या स्वतःच्या अंगावर मात्र विटकी साडी. आमच्या गल्ल्यांतल्या निम्म्या बायका हेच काम करत. गोष्ट अर्थातच रडकी होती. शिक्षक गोष्ट सांगायला लागला की ती रडकी होतेच. पोरांची तोंडं पडली.

एकच मुलगी म्हणाली, "बाई, माझी आई करेल ते काम. आमच्या घरी करू."

ही मुलगी वर्गात फारशी बोलायची नाही, पण एकदा काही धरलं की सोडायची नाही. गणितात चूक सापडेपर्यंत मधल्या सुट्टीत डबा उघडायची नाही, असं पात्र. तीच मग आमची दिग्दर्शक झाली. बाकीच्या पोरांना दिग्दर्शक म्हणजे काय ते माहीत नव्हतं, म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

तिच्या घरची एक गोष्ट मला आधीपासून माहीत होती, कारण ती अख्ख्या गल्लीला माहीत होती. या मुलीला मामा नव्हता. म्हणजे पारोळ्याकडच्या एका खेड्यात तो धडधाकट होता, शेती करत होता, पण या घराच्या लेखी नव्हता. भांडण झालं होतं एका टॉवेलवरून.

खानदेशात कुठलंही कार्य असो, आलेल्या पुरुष पाहुण्याला टोपी-टॉवेल देऊन मान करतात. टोपी डोक्यात जाणार नाही आणि टॉवेलने नाक पुसलं तर फाटेल, असा तो माल असतो. पण तो कुणाला आधी मिळाला आणि कुणाला नंतर, यावर घराणी उभी राहतात आणि पडतात. या मुलीचं बारसं सुरतेत झालं. मामा गावाहून बाळंतविडा घेऊन आला. इकडे बापाच्या कारखान्यातला मुकादम न बोलावता टपकला आणि शेवटचा टॉवेल त्याच्या खांद्यावर पडला. आता मेहुण्याला काय द्यायचं? बापाने घरातला वापरातला टॉवेल घडी करून पुढे केला. त्याला साबणाचा वास येत होता. मामाने वास घेतला, टॉवेल पाळण्यावर ठेवला आणि स्टेशनची वाट धरली.

त्यानंतर तो कधी आला नाही. बहिणीने पाठवलेली राखी दर वर्षी तशीच परत यायची. आईबाप गेलेले, त्यामुळे माहेर म्हणजे तो एकटाच. ती एकदा पोरीला घेऊन गेलीही होती, तर हा तिला बघून शेतात निघून गेला आणि ती उन्हं उतरेपर्यंत ओट्यावर बसून परत आली.

सगळ्यात वाईट दिवस आखाजीचा. अक्षय्य तृतीयेला तिकडे आखाजी म्हणतात आणि त्या सणाला खानदेशातली लेक माहेरी जाते म्हणजे जातेच. झोके, गाणी, आमरस, खापरावरचे मांडे. आमच्या गल्लीतल्या बायका चार दिवस आधीच पोरंबाळं आणि पिशव्या घेऊन गाडीत बसायच्या. पाळीवर असलेले नवरे मागे राहायचे आणि खिचडी करपवायचे. दुसऱ्या दिवसापासून ते सगळे लाजत लाजत एकाच दारात जेवायला येत, कारण गल्लीत तेवढी एकच बाई माहेरी गेलेली नसे. ती सगळ्यांना जेवू घालायची, हसून बोलायची, आणि भांडी घासताना कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. हे मला तिच्या मुलीने नंतर सांगितलं.

असो. आम्हाला कॅमेरा पाहिजे होता. तो बमरोली रोडवरच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे होता. हा गृहस्थ सौराष्ट्रातला, पोट मोठं, मन बरं. चातुर्मास चालू होता, लग्नं नव्हती, कॅमेरा कपाटात पडून होता, म्हणून तो तयार झाला. पण मुलं कॅमेरा हातात घेणार म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"बेन, पट्टो तो हूं नहीं मूकुं," तो म्हणाला. पट्टा मी सोडणार नाही.

आणि त्याने खरंच सोडला नाही. दिग्दर्शिकेच्या खांद्यावर तो अवजड कॅमेरा, आणि पाठीमागून कॅमेऱ्याचा पट्टा मुठीत धरून हा. शेळी चरायला सोडावी पण दोर हातात ठेवावा, तसा तो तिच्या मागे मागे फिरायचा. ती वळली की हा वळायचा, ती खाली बसली की हाही हुं करत बसायचा. आमच्या सिनेमातल्या निम्म्या शॉट्समध्ये भिंतीवर एका मोठ्या पोटाची सावली आहे.

पहिला शॉट गल्लीचा होता. सकाळची वेळ, शेजारचे एक काका कामावर निघालेत, पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, थांबून तंबाखू घेतात आणि पुढे जातात. एवढंच. मी सगळ्यांना उभं करून ते दोन रेघांचं वाक्य ऐकवलं. काकांनी मान डोलावली. कॅमेरा सुरू झाला. काका आले, तंबाखू घेतली, आणि कॅमेऱ्यासमोर ताठ उभे राहून शर्टाचं वरचं बटण लावत म्हणाले, "राम राम मंडळी. माय, तुन्हा गुडघा आते कसा शे?"

मी कपाळाला हात लावला. पुन्हा घेतलं. या वेळी काकांनी आईचा गुडघा सोडला आणि धाकट्या भावाला विहिरीच्या मोटरीबद्दल विचारलं. मग गल्लेवाल्याला जोर आला. त्यानेही डोकं बाहेर काढून चुलत्याला नमस्कार घातला.

पोरांना यात काही वावगं दिसत नव्हतं. शेवटी दिग्दर्शिकेनेच मला समजावलं. सुरतेत लग्न झालं की त्याची कॅसेट गावाला जाते. तिकडे कुणाच्या तरी ओट्यावर भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर मांडतात आणि सगळी भाऊबंदकी बसून ती बघते. नवरानवरीकडे कुणाचंच लक्ष नसतं. सुरतेला गेलेला आपला माणूस कसा दिसतो, जाड झाला की वाळला, हे बघायचं असतं. हे इथल्या माणसांना पक्कं ठाऊक. म्हणून कॅमेरा आपल्याकडे वळला की माणूस सरळ उभा राहतो आणि आपल्या घरच्यांशी बोलून घेतो. शूटिंगवाला नंतर त्यावर गाणं चढवतो, त्यामुळे गावाला एक शब्द ऐकू जात नाही. तरी बोलायचं. ओठ हललेले दिसले तरी आईला पुरतं.

"पण ही कॅसेट गावाला जाणार नाही," मी ओरडले. "ही स्पर्धेला जाणार. तिथे परीक्षक बघणार."

"परीक्षक कुठल्या गावचे?" काकांनी विचारलं.

मी पाच दिवस ओरडत होते. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. पाणी भरणाऱ्या बाईने बघितलं. सायकलवाल्याने बघितलं आणि गटारात गेला. मोठे सर पाहणीला आले, तेही दारात थांबून केसांवरून हात फिरवत बघत राहिले. ज्यांनी खुर्ची दिली, वायर दिली, कोंबडी हुसकून दिली, ते सगळे मानाने एकेकदा समोर येऊन उभे राहिले, कारण नाही घेतलं तर ते रुसले असते आणि टॉवेलवरून काय होतं ते मला माहीत होतं. एकटी आईच काय ती आमची नटी होती, आणि तिचंही तसंच. टिकल्या चिकटवताना बोटं इतकी झरझर चालायची की बघत राहावं. पण कॅमेरा सुरू झाला की बोटं थांबत, पदर डोक्यावर येई आणि बाई फोटोत बसल्यासारखी बसे.

सहाव्या दिवशी मला युक्ती सुचली. मी तिला म्हटलं, "आज शूटिंग नाही, नुसती तालीम. तुम्ही तुमचं काम करा." शूटिंगवाल्याने कॅमेऱ्यावरच्या लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. मुलीने कॅमेरा खांद्यावर घेतला. बाई कामाला लागली. पुढ्यात गुलाबी साडी, बाजूला गोंदाची वाटी, बोटाच्या टोकावर टिकली. किती छान चाललं होतं ते सांगता येत नाही. मी श्वास रोखून बघत होते आणि मनातल्या मनात त्या खादीच्या जाकिटाला सिनेमा शिकवत होते.

मग तिने साडीची घडी बाजूला ठेवली, चेहरा वर उचलला आणि कॅमेऱ्यात सरळ बघितलं. तिने पदर घेतला नाही. लूमच्या गल्लीत आयुष्य काढलेली बाई, तिला हळू बोलता येत नव्हतं. खणखणीत आवाजात ती म्हणाली, "दादा, मी मजामां शे. हाई पोर तुन्ही भाची. बारसामां तुले नवा टावेल नही भेटना, ती चूक आम्हनी. पोरनी काय चूक? आखाजीले मन्हं मन तठेच ऱ्हास."

मी "कट" म्हटलं. मुलीने कॅमेरा बंद केला नाही. मी पुन्हा म्हटलं. शूटिंगवाल्याच्या हातात पट्टा होता, तो ओढू शकला असता, पण तोही तसाच उभा. बाईने आणखी थोडा वेळ कॅमेऱ्यात बघितलं आणि मग दुसरी साडी पुढे ओढली.

बाहेर आल्यावर मी मुलीला म्हटलं की हे शेवटचं बोलणं मिक्सिंगमध्ये, म्हणजे तुकडे जोडताना, कापायचं. सिनेमा म्हणजे टपालखातं नाही. तुला पाहिजे तर हा तुकडा वेगळ्या कॅसेटवर घेऊन मामाला पाठवू.

"वेगळी कॅसेट मामा बघणार नाही," ती म्हणाली. "राखी परत पाठवतो तशी परत पाठवेल. पण स्पर्धेतला सिनेमा म्हटला की गाव बघेल. गाव बघायला बसलं की त्याला बसावंच लागेल. नाही बसला तर लोक विचारतील."

नववीतली पोर, अजून नीट वेणी घालता येत नव्हती, आणि अख्खं गाव कसं बसेल आणि त्यात मामा कसा अडकेल हे तिने आखून ठेवलं होतं. माझी रडकी गोष्ट तिने एकटीने का उचलली होती, हेही मला तेव्हा कळलं. मी सिनेमा करत होते. ती मामा आणत होती.

"स्पर्धेत हरलो तर?" मी विचारलं.

"तुम्हाला बक्षीस पाहिजे का बाई?" ती म्हणाली. अगदी सरळ विचारलं, उद्धटपणे नाही.

मला पाहिजे होतं. खूप पाहिजे होतं. रोज बाराखडीसारखं ओरडून मी काहीतरी शिकवलं आहे, हे कुणीतरी मोठ्याने सांगावं असं मला वाटत होतं. पण त्या पोरीसमोर उभं राहून तसं म्हणणं जमेना, म्हणून मी चिडून म्हटलं, "ठेव. काय घालायचा तो गोंधळ घाल."

मिक्सिंग शूटिंगवाल्याच्या दुकानात झालं. दोन व्हीसीआर, एक टीव्ही आणि हातात घामट रिमोट. सवयीने त्याने पहिल्याच शॉटवर गुलाबाच्या पाकळ्या उडवल्या आणि काका बदामाच्या आकारात आणून बसवले. ते काढायला लावलं. आईच्या बोलण्यापाशी आल्यावर त्याने दुःखी सनईची कॅसेट काढली. मुलगी जागेवरून उठली आणि टीव्हीच्या आवाजाच्या बटणावर हात ठेवून उभी राहिली. "गाणं नको. आवाज राहू दे." आयुष्यभर माणसांच्या तोंडावर गाणी चढवणाऱ्या त्या माणसाने सनई परत खोक्यात ठेवली. अहिराणी त्याला येत नव्हती, तरी तो तुकडा त्याने दोनदा मागे घेऊन ऐकला.

स्पर्धा हिवाळ्यात झाली. शहरातल्या मोठ्या सभागृहात, इंग्रजी शाळांतली इस्त्रीची पोरं आणि आमची तेल लावलेली. त्यांच्या सिनेमांत झाडं वाचवली जात होती, आजोबांना मान मिळत होता, शेवटी सूर्य उगवत होता. मग आमचा लागला. लूमची खटखट सभागृहभर झाली. लोक हसले, काका गुडघ्याची चौकशी करताना तर फारच हसले. मी कापायला लावलेला तो शॉट पोरांनी माझ्या नकळत परत घातला होता. शेवटी बाईने वर बघितलं तेव्हा हसू थांबलं.

परीक्षकांत तेच खादीचं जाकीट होतं. त्यांनी माईक घेतला आणि सांगितलं की पात्राने कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून प्रेक्षकालाच 'दादा' म्हणणं हा फार धीट प्रयोग आहे, यात समाजाला विचारलेला प्रश्न आहे. मग दिग्दर्शिकेला विचारलं, हे कसं सुचलं?

"मामासाठी," ती म्हणाली.

"वा," जाकीट म्हणालं, आणि मामा म्हणजे नेमकं कोण यावरही दोन वाक्यं बोललं. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. मोठ्या सरांनी प्रमाणपत्र आपल्या खुर्चीमागे लावलं, आणि येणाऱ्याला ते सिनेमातला आपला दारातला शॉट समजावून सांगू लागले.

मुलीने प्रमाणपत्राची झेरॉक्स मागून घेतली. कॅसेटच्या प्रतीबरोबर ती झेरॉक्स मामाच्या गावाला जाणाऱ्या शेजारणीच्या पिशवीत गेली. शेजारीण आठवड्याने परतली. आम्ही सगळे तिच्याभोवती जमलो. झालं होतं ते असं: मारुतीच्या पारावर टीव्ही लागला, बक्षिसाचा सिनेमा म्हणून गाव लोटलं, मामाला लोकांनी पुढे खुर्ची दिली. बहिणीचा चेहरा आला, ती "दादा" म्हणाली, आणि सगळं गाव टीव्ही सोडून मामाकडे बघायला लागलं.

"मंग?" बाईने विचारलं.

"मंग तो उठना नि चालता व्हयना," शेजारीण म्हणाली.

बाईने पुढ्यातली साडी बाजूला सारली. गोंदाची वाटी वाळत आली होती, तिच्यात पाणी घालून ती ढवळत बसली. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि मला खूप राग आला. त्या न बघितलेल्या माणसाला मी घरी जाईपर्यंत मनात अस्सल वऱ्हाडी शिव्या घातल्या. एका टॉवेलपायी! शिव्या संपल्यावर मात्र रडू आलं, आणि नवऱ्याला काय झालं ते सांगता येईना, कारण तो म्हणाला असता की सिनेमाच्या नादी लागू नकोस असं मी सांगत होतो.

संक्रांत गेली, होळी गेली. गल्लीतल्या बायकांची आखाजीची बोलणी सुरू झाली. कुणाला भाऊ घ्यायला येणार, कुणाला भाचा. बाई त्यांच्यात बसून टिकल्या चिकटवायची. परीक्षा संपल्या आणि मी अकोल्याला जायची तयारी करत होते, तेवढ्यात मुलगी धावत माझ्या घरी आली. तिच्या हातात कॅसेट होती. गावाहून आलेल्या कुणीतरी आणून दिली होती. वर काही लिहिलेलं नव्हतं.

व्हीसीआर फक्त शूटिंगवाल्याकडे. लग्नाचा हंगाम होता, त्याला मान वर करायला फुरसत नव्हती, तरी त्याने चालू मिक्सिंग थांबवलं. आम्ही टीव्हीपुढे बसलो. बाई, मुलगी, मी. बाप पाळीवरून तसाच आलेला, केसांत सुताचा कापूस, तो आत न येता दारात थांबला.

पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग एक अंगण. तालुक्याच्या शूटिंगवाल्याला मुद्दाम बोलावलेलं दिसत होतं, कारण तारखेच्या जागी 'शुभविवाह' चमकत होतं. अंगणात एक सडसडीत माणूस उभा. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. एका हातावर नवी टोपी आणि नवा टॉवेल, दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत असलेला. तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. स्वतःच्या पायाकडे बघत होता. मग शेळीकडे बघितलं. मग कुंपणापलीकडे कुणी नसताना तिकडे बघितलं. मागून कुणीतरी दबक्या आवाजात सांगत होतं, "आठे देख, आठे." तरी नाही. शूटिंगचे सगळे दिवस मी ज्या एका गोष्टीसाठी घसा फोडला, ती माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी जमवली होती.

"अहो, वर बघा," मी टीव्हीला म्हटलं. "बघा हो इकडे. बघायचं असतं."

कुणी हसलं नाही. बाईचा हात पोरीच्या गुडघ्यावर होता आणि टिकलीच्या गोंदाने वाळलेली बोटं हलत नव्हती.

मामाने टोपी नीट केली. मग वर बघितलं. बहिणीसारखंच सरळ, न हलता.

"बहीन, आखाजीले ये," तो म्हणाला. "भाचीले संगे लई ये. पाव्हनाले सांग, टावेल नवा शे."

एवढंच बोलला आणि थांबा असं कुणी न सांगितल्यामुळे तसाच बघत उभा राहिला. शेळी मधून गेली, तरी तो उभाच. बाईने पदर तोंडात धरला होता. ती रडत होती आणि कॅमेरा असता तरी तिने ते लपवलं नसतं. मुलगी मात्र रडली नाही. ती शूटिंगवाल्याला म्हणाली, "मागे घ्या, परत लावा."

दारातून बाप पुढे वाकला. टॉवेल त्याने नीट निरखला. "हलका दिखस," तो म्हणाला.

"तुम्ही गुपचूप बठा," बाई मागे न वळता म्हणाली.

मी अकोल्याला जाणं चार दिवस पुढे ढकललं. आखाजीच्या दिवशी बाजारात जायचं निमित्त काढून त्या गल्लीतून गेले. बायका सगळ्या गेलेल्या, गल्ली शांत, म्हणजे लूमची खटखट सोडून शांत. करपल्याचा वास येत होता. तिच्या घराचं दार उघडं होतं आणि आत बाप स्टोव्हपुढे बसून पातेल्याच्या बुडाला चिकटलेली खिचडी चमच्याने खरवडत होता. दाराबाहेर आठ-दहा पुरुष आपापली ताटं घेऊन सवयीप्रमाणे आले होते. काकाही होते. मला बघून सगळ्यांनी माना खाली घातल्या.

त्या आखाजीला ती गल्ली उपाशी राहिली.